हिरवी वायर

मंगळवार, ११ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर तू रडतेस, मग मी ओरडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसलो.

हल्ली दुपारचा घरीच असतो. मिक्सर नीट केला, शेजारच्यांची बंद पडलेली इस्त्री चालू केली, दाराची कडी बदलली. तुझी आई म्हणाली, "घरातलं सगळं दुरुस्त झालं, आता माझ्याकडे बघू नका."

आता तुझी बातमी. कॉलेजच्या साप्ताहिकासाठी लिहिलेला खर्डा नीट वाचला. "लिफ्टच्या दाराचा स्विच बिघडला आहे" हे चूक. स्विच चांगला आहे. पॅनेलमध्ये वायर टाकून त्याला बाजूला काढलं आहे, त्यामुळे दार उघडं असलं तरी लिफ्ट निघते. इमारत दवाखान्यांची. काठी टेकत आलेल्या माणसाचा एक पाय आत, एक बाहेर असताना ती निघाली तर काय होईल, ते मी लिहीत नाही.

मी ती वायर एकदा काढली होती. मग दारं नीट लागत नसल्याने लिफ्ट सारखी अडायला लागली, डॉक्टरांनी ओरड केली आणि देखभालीच्या ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी वायर परत लावली. दारंच नीट करू म्हटलं, तर म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू."

पहिल्या खर्ड्यात तू नुसतं "वायर" लिहिलं होतंस. हट्ट माझा, की "हिरवी" लिही. हिरवी अर्थिंगची, तिचं तिथे कामच नाही. तू म्हणालीस, "बाबा, वाचणाऱ्याला रंगाशी काय करायचंय?" मी ऐकलं नाही. पुढे दुसरी बाजू घ्यायला तू ठेकेदाराला फोन केलास तेव्हाही "हिरवी"च म्हणालीस. पॅनेल मशीनरूममध्ये, आणि तिच्या किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तू माझ्या नावाऐवजी "एका जाणकाराने सांगितले" असं लिहून मला झाकलंस खरं, पण त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही.

तो घरी आला होता. चहा घेतला. म्हणाला, "मिस्त्री, पोरगी तुमचीच ना? अहो-जाहो करत होती, पण सोडत नव्हती. वायर कोणी लावली, हे फिरवून फिरवून विचारलं."

"कॉलेजात शिकवतात," मी म्हटलं.

"बातमी आली नाही तर किल्ली तुमच्याकडेच राहील."

किल्ली मी त्याच्या कपाशेजारी ठेवली. त्याच्या बाकीच्या इमारतींचं कामही त्यातच गेलं. थोडी ओढाताण होईल. ते बातमीत घ्यायचं नाही.

तू प्रवेश घेतलास तेव्हा मी म्हणालो होतो, प्रश्न विचारायला कॉलेज कशाला लागतं? मी जुनी मॅन्युअलं वाचून लिफ्ट शिकलो, कोणाच्या दारात गेलो नाही. ते मागे घेत नाही. पण फिरवून फिरवून विचारणं मला जमलं नसतं. दुसऱ्याच प्रश्नाला माझा आवाज चढला असता.

तुझे सर म्हणतात, फोटो नाही, तेव्हा नाव देणारा माणूस हवा आणि तोही लेखी, नाहीतर बातमी काढून टाका. आणि तू ती काढून वाचनालयाच्या वेळांवर लिहिणार. वाचनालयात कोणाचा पाय अडकत नाही, खारूताई.

हे पत्र सरांना दाखव. वायर मी डोळ्यांनी पाहिली, हाताने काढली आणि परत लावलेलीही पाहिली. "जाणकार" खोड. जाणकार काय, कोणीही असतो. माझं पूर्ण नाव घाल, पुढे "लिफ्ट मेकॅनिक". "माजी" लावू नकोस. किल्ली गेली आहे, कसब नाही. मी वार्ताहराचा बाप आहे, हेही छाप. उद्या ठेकेदाराने सांगण्यापेक्षा आज आपण सांगितलेलं बरं.

आणि "हिरवी" राहू दे.

लेखी, सहीनिशी,
तुझा बाबा