हात पडतील तिथं हँडल

आनंदनगर, सिंहगड रस्ता, पुणे
बुधवार

प्रिय तनया,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. मी ठीक आहे. गुडघे पूर्वीइतकेच कुरकुरतात. पोळ्यांच्या बाई रोज चार पोळ्या करून जातात, त्यातल्या दोन मी खातो आणि उरलेल्या दोन सकाळी फोडणीला टाकतो. फोनवर बोलता आलं असतं, हे मलाही कळतं. पण फोन केला की तू म्हणतेस, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, पटकन सांग," आणि मला जे सांगायचं आहे ते पटकन सांगण्यासारखं नाही. चार वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे. रविवारी तुझी मोटरसायकल न्यायला माणूस येणार. त्याच्या आत हे तुला कळायला हवं. कुरिअरवाला म्हणतो शुक्रवारी बंगळुरात पोचेल. त्याचा शब्द खरा निघो.

ते गिऱ्हाईक म्हणजे मांजरी गावचा केयूर. साखरेच्या कुठल्याशा संस्थेत नोकरीला आहे आणि तिथलंच काहीतरी तपासत असल्यासारखा गाडी तपासत होता. पार्किंगमध्ये गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, सायलेन्सरपाशी नाक नेलं, आणि शेवटी हँडलवर बोट ठेवून म्हणाला, "काका, हे कंपनीचं नाही." मी म्हटलं, नाहीच, कंपनीचं चांगलं नव्हतं. त्याला विनोद कळला नाही. मूळ हँडल लावून द्या, नाहीतर आरटीओत नाव बदलताना कटकट होईल, म्हणाला. तुला विचारलं तर तू एका वाक्यात मोकळी झालीस, की लावून दे बाबा, मला त्या गाडीचं आता काहीच नको. मूळ हँडल माळ्यावर सापडलं. जुन्या चादरीत गुंडाळून वर सुतळी बांधलेली होती. ती गाठ तुझ्या आईची होती. सोडवायला मला पंधरा मिनिटं लागली.

तू ती गाडी आणलीस तो दिवस आठवतो का? पेढे तू आणलेस आणि आईनं डबा न उघडता फ्रिजवर ठेवला. "ही गाडी मला दारात नको," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली. गाडी दारात राहिलीच, फक्त आई तिच्याकडे बघेनाशी झाली. कंपनीचं ते हँडल खाली आणि लांब होतं. पोरांना झुकून चालवायला आवडतं म्हणे. तुझ्या उंचीला ते पोचायचं म्हणजे अंगाचा सगळा भार मनगटांवर यायचा. हिंजवडीहून दीड तास तशी यायचीस आणि आल्या आल्या गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही मनगटं तिच्यावर ठेवून टीव्हीसमोर बसायचीस. दुखतंय असं कधी म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर आई म्हणाली असती, बघ, मी सांगत होते.

मग त्या डिसेंबरात तू ऑफिसच्या कामाला चार दिवस चेन्नईला गेलीस, आणि परत आलीस तर गाडीला नवं हँडल. उंच, थोडं मागे वळलेलं. तू तिथल्या तिथे एक चक्कर मारून आलीस, हेल्मेट काढलंस आणि भर पार्किंगमध्ये मला मिठी मारलीस. "बाबा, तू ग्रेट आहेस. माझ्या मापाचं कसं काय जमवलंस?" मी म्हटलं, अगं, जन्मभर कारखान्यात ड्रॉइंगच काढली, त्यात काय. आठवड्यानं तू म्हणालीस की सगळं झकास आहे, फक्त उजव्या हाताचा ब्रेकचा लिव्हर डाव्यापेक्षा बोटभर खाली झुकलाय. मी म्हटलं, मेकॅनिकची चूक, नीट करून आणतो. तू म्हणालीस, राहू दे, आता सवय झाली.

आता खरं ऐक. हँडलची कल्पना माझी नव्हती. तू चेन्नईला निघालीस त्याच सकाळी तुझी आई चहा ठेवताना म्हणाली, "अहो, त्या गाडीच्या हँडलचं काहीतरी करा. तिची मनगटं जातील." मी उत्साहानं कामाला लागलो. तुझ्या टेलरबाईकडे जाऊन वहीतली तुझी मापं मागितली. तरुण मुलीच्या खांद्याचं आणि बाहीचं माप मागणारा म्हातारा म्हणून तिनं मला आधी नखशिखान्त न्याहाळलं, मग दिली. त्यावरून घरी मोठ्या कागदावर बाजूचं, वरचं, समोरचं असं रीतसर ड्रॉइंग रात्रीपर्यंत काढलं आणि सकाळी गाडी हळूहळू चालवत धायरीला उत्तरेश्वरकडे नेली. उत्तरेश्वर बार्शीकडचा आहे, कमी बोलतो. माझा कागद त्यानं उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि परत दिला. "काका, हँडल कागदावर बसत नाय. मानूस आना." माणूस चेन्नईला होता. गाडी तिथंच ठेवून मी हात हलवत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी आई आतल्या खोलीतून बाहेर आली ती तुझा जुना निळा पंजाबी ड्रेस घालून. तोंडाला तुझा स्कार्फ, तुम्ही मुली बांधता तसा, फक्त डोळे उघडे. मी क्षणभर तुलाच हाक मारणार होतो. "उंची तीच, खांदे तेच," ती म्हणाली, "आणि सोसायटीत कुणी ओळखायला नको. चला, रिक्षा बघा." अशी तुझी आई, जिला गाडी दारात नको होती, ती धायरीच्या गॅरेजात मोटरसायकलवर पाय टाकून बसली. उत्तरेश्वर म्हणाला, "काकू, डोळे मिटा. खांदे ढिले सोडा. आता हात पुढं सोडा, हँडल शोधू नका. हात पडतील तिथं मी हँडल आनतो." आणि तिनं डोळे मिटले.

दोन तास बसली. तो खाली ठोकळे घालून हँडल वर घेई, मागे वळवी, पुन्हा डोळे मिटा म्हणे. हँडल पूर्ण वळवून टाकीला घासतं का बघितलं, क्लचची वायर ताणली जाते म्हणून लांब वायर घातली. मग लिव्हर. "जवळ घ्या," ती म्हणाली, "तिची करंगळी माझ्यासारखीच आखूड आहे." हे मला बाप असून ठाऊक नव्हतं. डावा लिव्हर लगेच बसला. उजव्याला मात्र तिची बोटं वर जाईनात. तुझ्या जन्माच्या आधी ती लुनावरून शाळेत शिकवायला जायची, हे तुला माहीत आहे. दांडेकर पुलापाशी पडली, उजवं मनगट मोडलं, आणि प्लास्टर निघालं तरी ते मागे पूर्ण वळलं नाही ते नाहीच. तुला जे माहीत नाही ते हे, की ती प्लास्टरमध्ये असतानाच मी लुना विकून टाकली. तिला विचारलं नाही. तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही आणि मला वाटलं, सुटलो.

उत्तरेश्वरनं तिचं मनगट जिथं थांबत होतं तिथं बघितलं, पाना घेतला आणि उजवा लिव्हर बोटभर खाली झुकवला. परतताना रिक्षात, राजाराम पुलाच्या सिग्नलला, तिच्या एकदम लक्षात आलं. "अहो, तो उजवा माझ्या मनगटावर बसला की! तिचं मनगट तर चांगलं आहे." उद्या नीट करू म्हटलं, पण संध्याकाळी उत्तरेश्वरनं गाडी घरी पोचवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तू आलीस. पुढचा आठवडाभर ती मला रोज विचारायची, तिला उजवीकडे लागतं का हो? तू सवय झाली म्हणालीस ते मी तिला सांगितलं, त्या संध्याकाळी तिनं शिरा केला. तू विचारलंस, आज काय विशेष? ती म्हणाली, रवा जुना होत होता.

तुला सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं. तिचं म्हणणं असं, की आईनंच हँडल करून दिलं असं कळलं तर पोरगी निर्धास्त होईल, आणि निर्धास्त झाली की भरधाव जाईल. घरात एक तरी माणूस नको म्हणणारं असलं म्हणजे ती जपून चालवेल. हे मला तेव्हा पटलं. खरं सांगू? पटलं त्यापेक्षा सोयीचं वाटलं. तिच्या नकारात माझं कौतुक उठून दिसत होतं. ती वाईट आणि मी ग्रेट, ही वाटणी मला इतकी आवडली की मी ती कधी मोडली नाही.

बंगळुरूला निघायच्या आदल्या दिवशी तू तिला म्हणालीस, एकदा तरी मागे बस, सोसायटीला एक चक्कर. ती म्हणाली, मला नाही जमायचं. तू म्हणालीस, "आई, तुला माझं काही म्हणजे काही आवडलं नाही." आणि चहा अर्धा टाकून उठलीस. मी समोर होतो, पेपर वाचत होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मग भाद्रपदात ते अकरा दिवसांचं आजारपण. तू पोचलीस तेव्हा ती बोलत नव्हती. दहाव्याला घाटावर तू माझ्या शेजारी उभी राहून म्हणालीस, आईनं मला शेवटपर्यंत माफ केलं नाही, बाबा. तेव्हाही मी गप्प बसलो. तिला दिलेला शब्द पाळत होतो असं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली.

काल गाडी आणि ते चादरीतलं हँडल घेऊन धायरीला गेलो. उत्तरेश्वरनं पाना हातात घेतला आणि विचारलं, "काकू बऱ्या हायत का? मनगट दुखतंय का अजून?" मी सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले. म्हणाला, "मग मी नाय काढत, काका. पोरगी म्हनंल तर काढू." मी गाडी परत आणली. आज सकाळी पार्किंगमध्ये तिच्यावर बसलो, डोळे मिटले, हात पुढे सोडले. माझे हात भलतीकडेच पडले. बापूराव वॉचमन धावत आला, काका बरं वाटत नाही का म्हणून. केयूरला मी अजून काही कळवलेलं नाही. विकायचं की ठेवायचं ते तू ठरव, यावेळी मी न विचारता काही करणार नाही. फक्त त्याआधी एकदा ये. खाली उतर, गाडीवर बस, डोळे मीट आणि हात पुढे सोड. उजवीकडे लिव्हर खाली लागेल. ती मेकॅनिकची चूक नाही, तनया, ते तुझ्या आईचं मनगट आहे. आणि त्या दिवशी तू मला पार्किंगमध्ये मिठी मारलीस ना, तेव्हा ती वर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं बघितलं, आणि मी वर मान करून पाहिलं नाही. ती मिठी तिची होती. चार वर्षं मी ती वापरली. ती परत करण्यासाठी हे पत्र लिहिलं.

तुझाच,
बाबा