कॅमेऱ्यावरचा स्टिकर

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा माझ्या पोटात होता, आणि तुमच्या हातात मोबाइल कधी आलाच नाही. म्हणून आज जे सांगायचं आहे ते पहिल्यापासून सांगावं लागणार. तुम्हाला ऐकायला घाई कधी नसायची, कंपनीची बस सुटायची वेळ सोडली तर.

मी आता चाकणला एका कंपनीत रबरी पार्ट तपासते. गेटवरचा सिक्युरिटीवाला रोज सकाळी प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर लाल गोल स्टिकर लावतो, आतले फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून. सुटल्यावर बसमध्ये बसलं की आम्ही बायका तो नखाने काढतो आणि पुढच्या सीटच्या दांड्याला चिकटवतो. त्या दांड्यावर आता स्टिकरांचा एवढा थर बसलाय की हाताला लोखंड लागत नाही. निगडीला उतरते आणि चालत घरी येते. तुमचंच घर, प्राधिकरणातलं. आई गेली, मग तुमचे जावई गेले, आणि दोन वर्षांपूर्वी मुलगा नोकरीला तमिळनाडूत गेला. आता कुलूप मीच लावते आणि मीच उघडते.

या घराची वास्तुशांत तुम्हाला आठवत असेल. आकुर्डीच्या कंपनीत तुमच्या लाइनवर काम करणाऱ्या एकांचा कॅमेरा तुम्ही मागून आणला होता, छत्तीस फोटोंचा रोल घालून, आणि सांभाळायला माझ्याकडे दिला होता. मी बारा वर्षांची. सांभाळायला दिला म्हणजे वापरायला दिला, असा मी सोयीचा अर्थ काढला. पाहुणे यायच्या आत अर्धा रोल संपवला. पूजा झाली, फोटो सुरू झाले, आणि आत्याची पाळी आली. ती गावाहून खास नथ घेऊन आली होती. नथ घालून, पदर सारखा करून पाटावर बसली आणि कॅमेऱ्यातला रोल पुढे सरकेना. मग चौकशी झाली आणि मी खरं ते सांगून टाकलं. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "बुटाचा फोटो काढलीस? बूट कुठं पळून चालले होते का?" सगळे हसले. आत्या हसली नाही. मी मोरीत जाऊन बसले. पण पुढच्या आठवड्यात चिंचवडच्या स्टुडिओतून फोटो आले तेव्हा माणसांचे तुम्ही अल्बमात लावलेत आणि माझे वेगळ्या पाकिटात घालून माझ्या हातात दिलेत. "हे तुझे," एवढंच म्हणालात. तेव्हा मला तो अजून एक टोमणाच वाटला होता.

पाकीट माझ्याजवळ आहे, अण्णा. त्यात दाराशी काढलेले तुमचे कंपनीचे बूट आहेत, एकाची नाडी सुटलेली. उन्हात पालथी घातलेली डब्याची झाकणं आहेत. स्टोव्हपुढे बसलेल्या आईची पाठ आहे. आणि खिडकीशी दाढी करताना तुम्ही, बनियनवर, अर्ध्या गालाला फेस आणि उरलेला अर्धा चेहरा फोटोच्या बाहेर. भिंतीवर हार घातलेला तुमचा जो फोटो आहे त्यात कुणीतरी ताठ माणूस बसलाय, त्याच्याशी बोलावंसं मला कधी वाटलं नाही. हे पत्र फेसवाल्याला आहे. आणि बूट गेलेच, अण्णा. मी कामावर असताना आईने ते भंगारवाल्याला दिले.

आता माझी चूक सांगते. मुलगा तिकडे गेला तेव्हा सुरुवातीला दिवसभर फोटो पाठवायचा. कागदातली इडली, खोलीतला एक पातं वाकलेला पंखा, खिडकीच्या गजाला वाळत घातलेले मोजे. कधी नुसता व्हिडिओ, बसच्या खिडकीतून पळणारी नारळाची झाडं, त्यात तो दिसायचा नाही की बोलायचा नाही. खाली एक अक्षर लिहिलेलं नसायचं. एक दिवस मी तपासलेला पार्टांचा लॉट परत आला, सुपरवायझर बोलला, मी वैतागून घरी आले तर फोनवर पुन्हा मोजे. मी लिहिलं, "असले फोटो पाठवत जाऊ नकोस. मोज्यांचं काय बघायचं? काही काम असेल तर फोन कर." लिहिताना मला आवाज ओळखीचा वाटला होता, पण तो तुमचा होता हे लक्षात यायला पुढे बरेच महिने गेले. त्याने अंगठा पाठवला. तेव्हापासून तो सांगितल्यासारखं वागतो. काम असलं की फोन करतो. आणि आईशी काम असं कितीसं असतं?

रविवारी दोन मिनिटं बोलणं व्हायचं, तेही मग महिन्यावर गेलं. जेवलीस का, जेवले, बरी आहेस ना, बरी आहे. त्या दोन मिनिटांत दोघेही विषय शोधत असतो. मोज्यांना विषय लागत नव्हता, हे मला आता कळतं. सांगण्यासारखं काही नसतानाही तो मला घरात घेत होता आणि मीच दार लावलं. याचं मला फार वाईट वाटतं.

बसमध्ये माझ्याशेजारी खेडला दिलेली एक तरुण मुलगी बसते. मी एकदा तिच्याजवळ हे बोलले तर म्हणाली, "काकू, तुमी स्टेटस टाकत जा. कुणाला मुद्दाम पाठवायची भानगड न्हाई. ज्याला बगायचं त्यो बगतो." स्टेटस म्हणजे फोटो किंवा व्हिडिओ एक दिवस लावून ठेवायचा. आपला नंबर ज्यांच्याकडे आहे ते बघतात, आणि कुणी बघितलं त्यांची नावं आपल्याला दिसतात. मग मीही सुरू झाले. चहाचा कप, कुकरच्या तीन शिट्या, गॅलरीतली तुळस. लोकांना वाटत असेल, बाईला पन्नाशीत हौस आली. मी फक्त नावं वाचते. त्याचं नाव दिसलं की त्याची शिफ्ट सुटली, फोन हातात आहे, तो ठीक आहे, एवढं कळतं. नाव रोज दिसतं. पण तो लिहीत काहीच नाही.

मागच्या महिन्यात मी बसमध्ये पेंगले आणि स्टिकर काढायचा राहिला. घरी बाजरीची भाकरी अशी टम्म फुगली की आईच्या हातची वाटावी. ती फुगून राहते किती वेळ? चष्मा पिशवीत, एका हाताला पीठ, दुसऱ्या हाताने फोटो काढला आणि न बघता लावून दिला. तासाभराने पाहते तर सगळा काळा चौकोन. समोरच्या घरातल्या बाईंनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलेलं आणि खाली विचारलेलं, "कोण गेलं?" आणि त्याखाली मुलाचं, "आई, स्टिकर काढ."

डिप्लोमाच्या वेळी त्याने सहा महिने चाकणच्याच एका कंपनीत काढले होते, म्हणून त्याला बरोबर समजलं. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात त्याचा फोनच आला. हसत होता. "काय होतं गं मागे?" "भाकरी." "फुगली होती?" "टम्म." "मग दाखव की." म्हटलं, खाल्ली. तो पुन्हा हसला. मग मी पंख्याचं विचारलं, तर म्हणाला पातं अजून तसंच आहे. असं कितीतरी वेळ आम्ही काहीच न बोलता बोलत राहिलो. फोन ठेवल्यावर त्याने त्यांच्या गेटवर कॅमेऱ्याला लावतात त्या निळ्या पट्टीचा फोटो काढून पाठवला. मला लिहायचं होतं, मोजेही पाठव. लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नुसतं नाव.

हे पत्र मी पाकिटात ठेवणार आहे, तुमच्या दाढीच्या फोटोमागे. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, एवढं सगळं लिहायला बसलीस, जेवणाचं काय? भाकरी तव्यावर टाकली आहे, अण्णा. फुगली की फोटो लावणार आहे. फोन ओट्यावर आहे आणि स्टिकर आजही काढलेला नाही. चष्मा मात्र डोळ्यांवर आहे.