उजव्या बाजूची शीर

२५ ऑगस्ट, सोम.
आईचं डायलिसिस झालं. माझ्याच युनिटमध्ये, पण तिच्या मशीनवर मी नसते. डॉक्टर सरांचा नियम : घरच्या पेशंटला हात लावायचा नाही. मला सोयीचा आहे.
निघताना तिच्या उजव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जोडलेल्या शिरेवर, बोट ठेवलं. रक्ताची घुरघुर चांगली. (आई डावखुरी, म्हणून फिस्टुला उजवीकडे.)
फ्रीगंजच्या बाजारातून हरतालिकेची मूर्ती घेतली. आईला उद्याच्या उपासाचं विचारलं. "फळं खाईन गं." केळं नाही, नारळपाणी नाही, पोटॅशियम वाढतं, बजावलं.

२६ ऑगस्ट, मंगळ.
ड्युटीवरून आले. आईच्या हाताला बोट लावलं. शांत. स्टेथोस्कोप लावला, तरी शांत.
लगेच सरांकडे. फिस्टुला गोठलाय. दोनदा दुरुस्त केलेला, तिसऱ्यांदा होणार नाही. नवा डाव्या हातात करायचा, तो तयार होईपर्यंत मानेतून कॅथेटरची नळी.
उजवी शीर मानेतून सरळ खाली हृदयाकडे उतरते. डावीला छाती ओलांडायला वळावं लागतं. त्या वळणावर नळी घासते, शीर आकसू शकते. डाव्या हाताचं रक्तही त्याच वाटेने परततं. वाट गेली तर नव्या फिस्टुलाचा हातही गेला. म्हणजे उजवीच हवी.
सोनोग्राफीत उजवी चपटी. रेघ नुसती. सर : "पहले भी यहीं कैथेटर था, सिकुड़ गई होगी. लेफ्ट से डाल देते हैं."
"जी सर," म्हटलं. ऑटोने आईला घरी आणलं.

२७ ऑगस्ट, बुध.
गणपती बसले. ओट्यावर रुईचं पान, तुपाचं, चाटलेलं. हरतालिकेचा कडक उपास असाच सोडतात.
"काल काय खाल्लंस?"
"काही नाही."
"पाणी?"
"तूच म्हणतेस ना, पाणी कमी पी."
बाबा देवघरातून : "अगं, एवढं कशाला माझ्यासाठी?"
"तुमच्यासाठी एक उपास. हिच्या वाटणीचा पण मीच धरला. ही तर धरायची नाही."
सोमवारी मशीनने पाणी काढलं, मंगळवारी तिने घेतलंच नाही. प्रेशर पडलं असणार. फिस्टुला त्यानेच गोठला असेल. मानेतली शीरही त्यानेच रिकामी. युनिटमध्ये आम्ही एकच विचारतो : पाणी जास्त झालं का? कमीचं कुणी विचारत नाही. मीही नाही.
मोजून पाणी दिलं, दुपारी परत नेलं. सरांना सगळं सांगितलं.
"माताजी, कल बताना था ना!"
"डॉक्टरसाब, उपवास बताने की चीज़ थोड़ी है."
सरांनी आईचं डोकं खाली करून पुन्हा सोनोग्राफी केली. उजवी भरली होती, गोल. सोनोग्राफीचा प्रोब दाबला की मिटते, सोडला की उघडते. गुठळी नाही. पण हे मानेपुरतं. कॉलरबोनच्या मागे सोनोग्राफीला दिसत नाही आणि जुना कॅथेटर तिथूनच गेला होता.
"कल कैथेटर से पहले तार डालेंगे. सीधी उतर गई तो राइट. अटकी तो लेफ्ट, और क्या."

संध्याकाळी आरतीनंतर.
आई : "उद्या मान कुठे वळवायची?"
"डावीकडे."
"मग तू त्या बाजूला उभी राहा. तेवढंच तोंड दिसेल तुझं. एरवी मशीनकडेच बघत असतेस."
सरांना मेसेज केला. हात लावणार नाही, फक्त डावीकडे उभी राहीन.
दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचला. उत्तर नाही अजून.