बावीस छेद सातचं तळं

२ मार्च
आजपासून रोजनिशी. रिटायर व्हायला एकोणतीस दिवस उरले. थोर माणसाचे शेवटचे दिवस कुणीतरी टिपायला हवेत, आणि आमच्या ऑफिसात त्या लायकीचं कुणी नाही.

बत्तीस वर्षं बागखात्यात ड्राफ्ट्समन. चौकोनी वाफे, चौकोनी बाकं, चौकोनी साहेब. आता शेवटी एक गोल तळं मिळालं. व्यास सात मीटर. काठाला दगड, एकमेकांना अगदी चिकटून. मध्ये सिमेंटचा थेंब नाही. पाय म्हणजे बावीस छेद सात, सबब घेर बरोबर बावीस मीटर. वीस सेंटिमीटरचे एकशे दहा दगड. दगड कापायची ऑर्डर देऊन टाकली.

५ मार्च
जेवताना लेकीला सांगितलं. ती कॉलेजात गणित शिकवते. पाढे मीच शिकवलेत. म्हणाली, बावीस छेद सात ही पायची जवळची किंमत आहे, पाय नव्हे. जवळची! जवळचे नातेवाईक असतात. आकडा बरोबर असतो नाहीतर चूक.

फारच झालं तर तीनशे पंचावन्न छेद एकशे तेरा घ्या म्हणाली, तळ्याला केसाएवढाही फरक पडणार नाही. एकशे तेरा! बसचा नंबर वाटतो. शिवाय तोही जवळचाच, हे तिनेच कबूल केलं.

संकल्प: रविवारपर्यंत पायचा अचूक अपूर्णांक शोधणे. आजवर कुणाला सापडला नाही, कारण कुणी मनावर घेतलं नाही.

८ मार्च, रविवार
ताटाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजला. बावीस छेद सातच आलं! बायको म्हणाली, मोजताना दोरा ताणताय. संशोधकाच्या घरी असं वातावरण असतं.

मुदत पुढच्या रविवारपर्यंत वाढवली.

११ मार्च
लेकीने बावीसला सातने भागून दाखवलं. दशांश चिन्हापुढे १४२८५७, परत १४२८५७, परत तेच. सातने भागताना बाकी मोजक्याच उरू शकतात, म्हणून आकडे फिरून येतात. कुठलाही अपूर्णांक घ्या, भागाकार एक तर संपतो नाहीतर गोल गोल फिरतो. पायचे आकडे संपतही नाहीत आणि तसे फिरतही नाहीत. म्हणून कुठलाच अपूर्णांक पाय होऊ शकत नाही, आणि हे कधीच सिद्ध झालंय.

म्हटलं, सिद्ध करणाऱ्यांनी माझं तळं पाहिलेलं नाही.

"बाबा, ऑर्डर थांबवा. अजून दगड कापले नसतील," म्हणाली. मी विचारलं, तुला लहानाचं मोठं कुणी केलं? ती ताटावरून उठून गेली. इतका हळवेपणा गणितवाल्यांना शोभत नाही.

१६ मार्च
छेद दहा हजारांपर्यंत नेला. उत्तर कधी किंचित जास्त, कधी किंचित कमी. छेद वाढवला की फरक घटतो, पण जात नाही. साहेबांनी टेबलावरचे कागद पाहिले. म्हणाले, पाय जमिनीवर ठेवा. ऑफिस खदखदा हसलं. साहेब विनोद करतात तेव्हा ऑफिसला हसू येतंच.

लेक अजून बोलत नाही. मीही तत्त्वाचा माणूस आहे.

२३ मार्च
दगड बसवले. एकशे नऊ सुरेख बसले. एकशे दहावा बसेना. गवंड्याने टेप लावला. दगड नऊ मिलिमीटर जास्त. म्हटलं, उन्हाने फुगला असेल. तो म्हणाला, "आणि बाकीचे एकशे नऊ काय सावलीत होते?"

मी त्याला हिशोबाचा कागद दाखवला. त्याने सगळा वाचला, नीट घडी घालून परत दिला आणि मशीन सुरू केलं. तीन मिनिटांत दगड आखूड होऊन बसला. म्हणाला, साहेब, आम्ही आधी गोल मोजतो, मग दगड कापतो. शिक्षण नसलं की माणूस असा मोजत बसतो.

गवंड्याने तळंच लहान बांधलं असणार. घरी काही बोललो नाही.

३१ मार्च
रिटायर झालो. तळ्यात पाणी सोडलं. साहेब भाषणात म्हणाले, काम जवळजवळ निर्दोष. 'जवळजवळ' सोडून बाकीचं ऐकलं. लेक आली नाही. कॉलेज असतं.

६ एप्रिल, सकाळी
सहज बागेत गेलो. लेक आपला अख्खा वर्ग घेऊन तळ्यावर! मी झाडामागे थांबलो. सावली होती.

विद्यार्थी टेपने एकेक दगड मोजत होते. सगळी बेरीज करून सातने भागली: तीन पूर्णांक, पुढे एक चार एक पाच. टाळ्या. माझ्या तळ्याला पाय बरोबर येतो.

मग एका मुलीने विचारलं, हा एकच दगड आखूड का? लेकीने बावीस छेद सातची हकिकत सांगितली. मुलगी म्हणाली, "म्हणजे तळं आखणाऱ्यांना पाय माहीत नव्हता?"

"माहीत होता. माझे बाबा आहेत ते. त्यांना पटत नव्हता."

कुणी हसलं नाही. हसले असते तर रागावता आलं असतं.

वाट त्यांच्यासमोरूनच जात होती. पाऊण तास झाडामागे उभा राहिलो. तिने छान समजावलं. शेवटी मलाही पटलं. पण हे फक्त इथे लिहितोय.

पाय फार दुखतायत.