तपासणीत मला प्रश्न न विचारण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
मसाला कामगार तपासणी कक्ष,
हैदराबाद.

विषय : किमान मजुरीच्या तपासणीच्या वेळी मला एकटीला वगळण्याबाबत.
संदर्भ : कारखान्याच्या फाटकावर लावलेली आपली सूचना.

महोदय,

१. मी बेगम बाजारामागच्या मिरचीपूड कारखान्यात पाकिटे भरते. येत्या गुरुवारी आपण येणार आणि सरकारने वाढवलेली मजुरी मिळते का, हे कामगारांना विचारणार, असे सूचनेवरून समजले. मागच्या खेपेस आपण माझ्याशी मराठीत बोलला होता, म्हणून मराठीत अर्ज करण्याचे धाडस करीत आहे. धाडस हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. मला खरोखर भीती वाटते.

२. वाढीव मजुरी अद्याप हातात आलेली नाही. मात्र ती जाहीर झाल्याचे वर्तमानपत्रात येताच माझे पती भिवाजी यांनी आनंदाच्या भरात आबिड्सहून जिलेबी आणली आणि घरमालक यादगिरी यांनाही नेऊन दिली. पुढच्याच महिन्यात त्यांनी भाडे वाढवले. मजुरी मिळालीच नाही असे सांगितले, तर “मीठा खिलाको अब नक्को बोलते?” म्हणून हसले. आमच्या कारखान्याच्या शेठजींनी मजुरीचे कारण सांगून पाकिटाची किंमत वाढवली. ते पाकीट मीच भरते आणि वाण्याकडून चढ्या भावाने मीच विकत घेते. डाळ, तेल, रॉकेलवाल्यांना तर आम्ही जिलेबी दिलीही नव्हती, तरी त्यांचे भाव चढले. जुन्या मजुरीत आता अर्धा महिनाही निघत नाही.

३. याबाबत आमच्यातल्या जयवंताबाईंनी आपल्या कक्षाकडे तक्रार केली होती. तो अर्ज कार्यालयीन पद्धतीनुसार अभिप्रायासाठी शेठजींकडेच आला. त्यांनी सर्वांना जमवून तो मोठ्याने वाचून दाखवला आणि जयवंताबाईंना कामावरून काढले. त्यांची बसायची जागा अजून रिकामी ठेवली आहे. तिथे कोणाला बसू देत नाहीत. सबब माझा हा अर्ज कृपा करून कोणाच्याही अभिप्रायासाठी पाठवू नये.

४. शेठजी म्हणतात, आता सरकारने बाजार मोकळा केला आहे, पाकीट भरायचे यंत्र हवे तेव्हा मागवता येते. जी तोंड उघडेल तिच्या जागी ते बसेल. काय उत्तर द्यायचे ते त्यांनी आम्हा बायकांकडून रोज घोकून घेतले आहे. भिवाजींची गिरणी बंद पडल्यापासून घर माझ्या एकटीवर चालते. मुलगी दीपमाला अजून शाळेत आहे. माझे काम गेले, तर खोलीही जाईल.

५. तरी विनंती, की माझ्यासमोरून आपण न थांबता पुढे जावे. मिरची उडते म्हणून आम्ही सगळ्याच तोंडाला फडके बांधतो. माझे निळे असेल. विचारणे भागच पडले, तर शेठजी मागे उभे असताना मी “मिळते” असेच म्हणेन. सरकारचे आभारही मानेन. ते उत्तर खोटे असेल, हे मी आजच लिहून देत आहे. साहेब, आपण ते खरे धरून टिपून घ्याल आणि निघून जाल, याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते.

आपली नम्र आणि घाबरलेली,
पंचफुला भिवाजी सोनकांबळे
हैदराबाद, ९ सप्टेंबर १९९६