चार मार्चचा फळा

बाई,

आज चार मार्च. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "आज काय?" आणि मी उभी राहून सांगितलं असतं. राष्ट्रीय सुरक्षा दिन. नवी दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांना सुरुवात, एकोणीसशे एकावन्न. देशाची पहिली विमानवाहू नौका नौदलात दाखल, एकोणीसशे एकसष्ट. शाळा सुटून तीस वर्षं होऊन गेली, तरी सकाळी डोळे उघडले की आधी तारीख समोर येते आणि तिच्यामागून ही सगळी वरात. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यात कॅलेंडर टांगलंय. त्याचा खिळा कुणी ठोकला हे त्याला मी कधी सांगितलं नाही. सांगायचं तर मग पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

मी आता रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत आहे, सेफ्टी खात्यात. गेटपाशी मोठा फळा आहे. त्यावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा असतो, सुविचार असतो आणि माझ्या हट्टाखातर दिनविशेषही असतो. तो मी स्वतः लिहिते. मोबाईलवर पहाटेपासून लोक दिनविशेष पाठवत सुटतात, पण एकाच माणसाला तीन तारखांना जन्माला घालतात, म्हणून मी त्यांच्या नादी लागत नाही. तुमच्यासारखी दोन ठिकाणी ताडून बघते आणि मगच खडू उचलते. आज सुरक्षा दिन, म्हणजे आमचा सणच. झेंडा झाला, शपथ झाली, छातीवर हिरवे बिल्ले लागले आणि पहिल्या शिफ्टसमोर माझं भाषण झालं. दरवर्षी तेच बोलते. चूक कुणाच्याही हातून होते, चूक होणं हा गुन्हा नाही. पण चूक दिसली आणि तुम्ही गप्प बसलात, तर पुढे जे होईल ते तुमच्या माथी. भाषण मला पाठ आहे आणि टाळ्याही ठरलेल्या जागी पडतात. आज मात्र मागच्या रांगेतला एक जुना ऑपरेटर उठला. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय, त्यामुळे त्याला कुणाची भीती नाही. म्हणाला, "म्याडम, आमाला सांगता ता बरोबर हाय. पन तुमी कदी चूक बगून गप ऱ्हायल्या नाय व्हय?" सगळे हसले, मीही हसले आणि म्हणाले, "नाय हो, कधीच नाय." पुन्हा टाळ्या पडल्या. दुपारचा डबा मला गेला नाही.

म्हणून हे लिहायला बसले आहे. ऑफिसच्याच कागदावर लिहितेय, त्याबद्दल तुम्ही रागावाल.

पेणच्या आपल्या शाळेचा व्हरांडा आठवतो. मागच्या भिंतीपलीकडे गणपतीचा कारखाना होता आणि वर्षभर शाडूचा ओला वास वर्गात यायचा. नववीत तुम्ही फळा माझ्याकडे दिलात, कारण माझं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं होतं. हे तुम्ही कधी तोंडाने कबूल केलं नाहीत, ते सोडा. तुमची ती जाड वही होती, तीनशे सहासष्ट पानांची, प्रत्येक तारखेला एक पान. एकोणतीस फेब्रुवारीलाही पूर्ण पान, चार वर्षांनी एकदा येते म्हणून तिला अर्धं दिलं नव्हतंत. प्रार्थनेच्या अर्धा तास आधी मी यायचे, वही उघडायचे आणि उतरवून काढायचे. आधी घटना, त्याखाली जन्म, त्याखाली मृत्यू. अब्बा कुवेतहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी रंगीत खडूंचा डबा आणला होता. तुम्ही कुणाकडून काही घ्यायच्या नाहीत. "शाळेसाठी आहे, बाई," असं मी तीनदा म्हटलं तेव्हा डबा कपाटात गेला आणि नियम ठरला. घटना गुलाबी, जन्म पिवळे, मृत्यूला साधा पांढरा. साल लिहिताना तुम्ही मागे येऊन उभ्या राहता, अजूनही उभ्या राहता. म्हणता, "पलीकडे मूर्तीचे डोळे कसे आखतात पाहिलंयस ना? शेवटी आणि एकदाच. साल तसं लिहायचं."

आता त्या दोन मार्चचं सांगते, कारण चार मार्चचं मूळ तिथे आहे. त्या दिवशी माझं एक साल चुकलं. सहाच्या जागी नऊ पडला. प्रार्थना संपली, मुलं वर्गाकडे वळणार, इतक्यात तुम्ही सगळ्यांना थांबवलंत. डस्टर घेऊन अख्खा फळा पुसलात, फक्त ती ओळ नव्हे, अख्खा. आणि म्हणालात, "पुन्हा लिही. एवढी मुलं चुकीचं साल डोक्यात घेऊन घरी जाणार होती." मी लिहीत होते आणि सगळी शाळा उन्हात उभी राहून माझ्या पाठीकडे बघत होती. दहावीची मुलं कुजबुजत होती. माझे कान तापले होते. शेवटची ओळ झाल्यावर तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि निघून गेलात. घरी अम्मीने विचारलं काय झालं, तर मी ताटावरून उठले.

चार मार्चला मी फळा लिहीत होते आणि तुम्ही शेजारीच हजेरीपट घेऊन उभ्या होतात. तेवढ्यात शिपाईमामा धावत आले. "बाई, हेडसरांचा निरोप हाय. आज अध्यक्षसायबांचा वाढदिवस. त्यांचा नाव फळ्यावर टाका म्हनालं. सायब सोता येनार हायत प्रार्थनेला." तुम्ही चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलंत. "दिनविशेषात? हा फळा जगाचा आहे मामा, संस्थेचा नाही. वाढदिवसासाठी दुसरी भिंत शोधा." मामा हात चोळत उभे राहिले. त्यांच्यावर काढून काय उपयोग, हे तुमच्या लक्षात आलं. माझ्याकडे वळून म्हणालात, "लिही. खाली लिही, बारीक अक्षरात." आणि वर्गात गेलात.

जन्माखाली चार नावं होती, तिथे जागा उरली नव्हती. तुम्ही सांगितलं होतं खाली, म्हणून मी सगळ्यात खाली लिहिलं. हातात पांढरा खडू होता, त्यानेच लिहिलं. संस्थेचे माननीय अध्यक्ष, मग नाव, मग गाव. मृत्यू या शीर्षकाखाली दुसरं नाव.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. अध्यक्ष आले, गळ्यात हार, मागे हेडसर पेढ्यांचा पुडा घेऊन. प्रार्थना झाली, साहेबांना कौतुकाने फळ्यापाशी नेलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, वरपासून खालपर्यंत वाचलं. मग हेडसरांना अगदी शांतपणे विचारलं, "मी कधी गेलो?" आठवीच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी शाळा हसली. हेडसरांचा चेहरा खडूसारखा झाला. हे मी आज लिहिताना मलाही जरा हसू येतंय, त्याची लाज वाटते.

ऑफिसात तुम्हाला आणि मला बोलावलं. तुम्ही मामांना काय बोलला होतात ते तोवर हेडसरांपर्यंत पोचलं होतं, त्यामुळे तुम्ही हे मुद्दाम केलं अशी त्यांची खात्रीच झाली होती. ते माझ्याकडे वळले, "कुणी लिहिलं गं हे?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच खाली लिहायला सांगितलं. मुलीने ऐकलं. तिला वर्गात जाऊ द्या." मी गेले. तुम्ही अर्धा तास आत होतात. बाहेर आलात तेव्हा मी व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाशी घुटमळत होते. तुम्ही थांबलात. रागावला नव्हतात, हेच तर. हळू आवाजात विचारलंत, "तुला दिसलं नव्हतं का गं?" मी म्हटलं, "नाही, बाई." तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "माझंच लक्ष हवं होतं."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुमची बदली झाली होती, संस्थेच्या रोह्याच्या शाळेत. फळा नव्या सरांकडे गेला. त्यांनी त्यावर वेळापत्रक लावलं. मी दहावी झाले, अलिबागला कॉलेज केलं, लग्न झालं, धाटावला नोकरी लागली. तुम्ही सगळी वर्षं पेणच्या रामवाडीतल्या घरून रोज एसटीने रोह्याला जाऊन येत होतात. घर सोडता येत नव्हतं, कारण घरात तुमची आई होती आणि तिला दिसत नव्हतं. ओळखीच्या भिंतींमधून तिला बाहेर काढणं तुम्हाला जमलं नसतं. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मी काय केलं? कंपनीची बस रोज तुमच्या शाळेवरून जायची आणि मी रोज मोबाईलमध्ये बघायचे.

एकदाच भेटलात, रोहा स्टँडवर. तुम्ही बाकावर बसला होतात, मांडीवर पर्स, पर्सवर घडी केलेली छत्री. पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा सैल केला होता. मला लांबूनच हाक मारलीत, पूर्ण नावाने, हजेरी घेतल्यासारखी. मी सेफ्टीत काम करते हे ऐकून खूश झालात. "म्हणजे लोकांच्या चुका शोधायचं काम. बरं झालं, माझी विद्यार्थिनी आहेस." मग विचारलंत, "फळा लिहितेस का अजून?" मी हो म्हटल्यावर पर्स चाचपत म्हणालात, "तुझ्या वडिलांच्या डब्यातला पिवळ्याचा एक तुकडा अजून आहे माझ्याकडे. जन्माचा." त्या क्षणी सांगायला हवं होतं, बाई. स्टँडवर गर्दी होती, पण एवढी नव्हती. तुमची पेण गाडी लागली, तुम्ही उठलात, मी तुमची पिशवी दारापर्यंत नेली आणि म्हटलं, "येते एकदा घरी." तुम्ही म्हणालात, "ये. रविवारी ये, आईलाही बरं वाटेल."

मी आले ती तुम्ही गेल्यावर, पंधराव्या दिवशी. दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि तुमचं सगळं सांगितलं. मला नको होतं तेही सांगितलं. "काय सांगू गो तुला. एका साली अंबा नदीला पूर आला, नागोठण्याला पानी चढला, गाड्या बंद. बाई थयच रोह्याला अडकल्या. मी पन माहेरी गेल्ते. म्हातारी बाईंची वाट बगून दार उघडाया उठली नि उंबऱ्यात पडली. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या तवर तशीच. खुबा मोडला तो मोडला. नऊ वर्सं खाटेवर व्हती, मंग गेली. बाईंनी सगळा केला, शाळा करून. रोह्याची बदली नस्ती झाली तर बरा झाला अस्ता, पन बाई कदी कुनाला बोलल्या नाय." काकूंनी कप उचलला. मी विचारलं, "बदली का झाली ते कधी म्हणाल्या का?" काकू म्हणाल्या, "फळ्यावर कायतरी चुकला व्हता म्हनं. हसायच्या सांगताना. म्हनायच्या, मानसाला जिता मारला मी."

मारला मी, म्हणायच्या. माझं नाव नाही.

काकूंच्या ओट्यावर बसले त्याला आता अकरा वर्षं झाली. मी त्यातून एक सोपी वाट काढली होती. पोर होते, जागा नव्हती, बाईंनी खाली म्हटलं, मी खाली लिहिलं, नजरचूक झाली. अशी ती गोष्ट मी स्वतःलाच इतक्या वेळा सांगितली की तिचे कोपरे गुळगुळीत झाले. आमच्याकडे अपघाताच्या चौकशीत असं कुणी बोलायला लागलं की मी पेन खाली ठेवते आणि म्हणते, पहिल्यापासून सांगा, तेव्हा तुमच्या हातात काय होतं ते सांगा.

तीन वाजत आलेत. दुसरी शिफ्ट येतेय, गेटवर पंचिंगची रांग लागली असेल. हा कागद मी टपालात टाकणार नाही, टाकून कुठे जाणार? रामवाडीच्या त्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे. माझ्या वहीत, चार मार्चच्या पानात, ठेवून देईन. पण तुम्ही पिंपाशी विचारलं होतंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, आणि तो ऑपरेटर काही पुन्हा विचारणार नाही.

बाई, लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागे आले होते, तुम्ही शिकवलंत तशी, पूर्ण फळा एकदा वाचायला. घंटा व्हायला अजून वेळ होता. मी वरपासून वाचलं, खालपर्यंत आले, आणि तुम्ही दोन दिवसांपूर्वी पुसलेला तो अख्खा फळा आठवला. म्हटलं, आज बाईंनाही सगळ्यांसमोर उभं राहू दे. दिसलं होतं, बाई. डस्टर हातातच होतं.