पॅनेलच्या पाठीवरचा बाण

४ सप्टें., गुरु.
लॅबमधलं जुनं पॅनेल पुसायला काढलं. तांब्याचे पंचेचाळीस अंशांत तिरके तुकडे छापलेलं. एका दिशेत डोलणारी रेडिओलहर अडवायची, तिला काटकोनातली सोडायची, एवढंच त्याचं काम. कसं लावायचं ते कळावं म्हणून मागे मार्करनं बाण. काढलाय मीच. समोरच्या बाजूचं ड्रॉइंग बघून पाठीवर तसाच्या तसा! उलटलं की तिरपेपणाही उलटतो, हे शाळकरी पोरालाही कळेल. बाण बरोबर नव्वद अंशांनी चुकलाय.
म्हणजे झेबानं मोजलेले आकडे बरोबर होते. पॅनेलच आडवं लागत होतं.

५ सप्टें., शुक्र.
मार्चमध्ये ती आकडे घेऊन आली, सगळे उलटे. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, आणि मी लॅबभर ऐकू जाईल असं झापलं. "आँख बंद करके नापती हो क्या?" "जी सर," म्हणाली. तेव्हापासून पुन्हापुन्हा मोजतेय. मंगळवारी समितीची बैठक, या मोजणीचं प्रकरण प्रबंधात राहणार की जाणार, तिथेच ठरेल.
आज शिक्षक दिन. आलमबागहून मेट्रोनं येताना माझ्यासाठी गुलाबाचं रोप आणलं तिनं. 'थँक यू' म्हणालो. बाणाचं न सांगता रोप घरी आणलं.

७ सप्टें., रवि.
तेलीबागेच्या बाजारात भाजी घेताना बायकोला, नीताला सांगून टाकलं.
"मग आत्ता फोन कर."
"उद्या समोरासमोर सांगतो."
"घाबरतोयस."
हो. घाबरतोच. घरी येऊन रोपाला पाणी घातलं. लाज वाटली.

८ सप्टें., सोम.
पॅनेल उलटून दाखवलं. झेबानं बाणावर बोट ठेवलं. मग, "सर, मुझे अप्रैल से पता है।"
मग बोलली का नाहीस?
"दो बार आपके केबिन तक आई थी। उस दिन इतना डाँटा था आपने..."
बरोबर लावूनही मोजलंय तिनं. वहीत आकडे आहेत, एकदम चोख. पाच महिने कुणाला दाखवले नाहीत. माझ्यामुळे.
तिची उद्याची स्लाइड पाहिली. तिनं लिहिलंय, 'पॅनेल लावण्यात चूक माझी.' म्हटलं, तिथे माझं नाव घाल.
"मैं कैसे लिखूँ, सर? आप ही बोल दीजिएगा।"

९ सप्टें., मंगळ. सकाळ.
समिती अकराला. पाचही जण मला वीस वर्षं ओळखतात. पॅनेल त्यांना दाखवायला पिशवीत घेतलंय, बाण पुसलेला नाही.
नीतानं दारात विचारलं, "बोलशील ना?"
डबा घेतला नि निघालो.